तिसऱ्या वहीतली चाळीस पानं

शालनताई,

तुमच्या पुस्तकाची छपाई मी थांबवली आहे. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून.

तुम्ही गेलात त्याला आज दहा दिवस झाले. तेराव्याला घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईचं पुस्तक पडावं, अशी तुमच्या वैशालीची फार इच्छा होती. मी तसं कबूलही करून बसले होते. मुखपृष्ठ छापून झालं होतं, कागद येऊन पडला होता. तुमचं पुस्तक ज्यानं टाइप केलं तो आमचा दिलीप फोनवर म्हणाला, "मॅडम, उद्या मशीनला लावतोय." मी म्हटलं, लावू नकोस. का, असं त्यानं तीनदा विचारलं. मला सांगता आलं नाही. ते कारण तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दारातच विचारलंत, "पुस्तकं दुरुस्त करत्यात त्या बाई तुमीच न्हवं?" जशी काही मी शिलाई मशीनं दुरुस्त करते. पण खरं सांगू, माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. स्वतःचं पुस्तक स्वतः छापणारे लोक माझ्याकडे येतात. सांगलीत त्यांची कमी नाही. निवृत्त सर्कल ऑफिसर, कारखान्यातले चीफ केमिस्ट, मुलं परदेशी गेलेल्या आज्या. कुणाच्या कविता, कुणाचं आत्मचरित्र. प्रकाशकांचे दरवाजे वाजवून झालेले असतात, नाहीतर वाजवायची हिंमत नसते. मग कुणीतरी माझं नाव सांगतं. मी वाचते, शुद्ध करते, क्रम लावते, फापटपसारा काढून टाकते आणि दिलीपकडे पाठवते. फापटपसारा काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा स्वतःबद्दलचा समज होता.

वाईहून साताऱ्याला गाडी बदलून तुम्ही आला होतात. कापडी पिशवीत तीन जाड वह्या आणि हळदीची एक पुडी. सांगलीला हळद घेऊन येणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तसं बोलूनही दाखवलं.

"तुमची बाजारातली," तुम्ही म्हणालात, "ही माज्या परड्यातली हाय. आन हळदीचं काय घेऊन बसलाय? पानी तरी कुठं तुमचं हाय? वाईवरनं आमचं वापरून खाली येतंय तेच पिता की."

हे कृष्णेचं तुम्ही मला पुढे दर भेटीत ऐकवलंत. मला ते दर भेटीत आवडलं.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत तुम्ही पहिली ते चौथीच्या मुलींच्या मेट्रन होतात. ऐन पंचविशीत घाट चढून वर गेलात आणि केस पांढरे झाल्यावर खाली उतरलात. पहिल्या दोन वह्या वाचताना मी चहा करायलासुद्धा उठले नाही. सकाळच्या घंटेआधी घालून व्हायच्या त्या सगळ्या वेण्या, कांजिण्या आल्यावर लावलेली वेगळी खोली, पडलेला दात उशीच्या अभ्र्यात लपवणारी मुलगी. कुणाचंही नाव नाही. कॉट नंबर चार, कॉट नंबर सतरा. त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं.

"वाचणाऱ्याला नावं लागतात, शालनताई. नंबराला कुणी जीव लावत नाही."

"पोरी आता मोठ्या बाया झाल्यात. कोन डॉक्टर हाय, कुनाला सुना आल्यात. त्येंची गाऱ्हानी मी त्येंच्या नावानं छापू व्हय?"

"मग नावं बदलू."

"खोटं नाव दिलं की ती पोरगीच ऱ्हात न्हाई. नंबर खरा हाय, त्योच असू द्या."

ते भांडण मी हरले. हरल्याचं मला अजूनही बरं वाटतं, कारण पुस्तक वाचताना कॉट नंबर सतराची मला वाट पाहावीशी वाटते.

मग आला रविवार. तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण. रविवारी नाश्त्यानंतर सगळ्या मुलींनी जेवणघरात बसून घरी पत्र लिहायचं, असा शाळेचा नियम होता. लिहून झालं की पाकीट न चिकटवता पत्र मेट्रनकडे द्यायचं. मेट्रननं वाचायचं. आईवडिलांना काळजी लागेल असं काही असेल तर त्या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक खूण करायची आणि पत्र परत द्यायचं. मुलीनं ती ओळ वगळून नव्या कागदावर पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवायचं. मगच पाकीट बंद. मराठी, हिंदी आणि वाचण्यापुरतं इंग्रजी तुम्हाला येत होतं. गुजराती तुम्ही खास ह्या कामासाठी शिकलात.

ह्यावरून आपण किती वेळा भांडलो. मी म्हणायची, आईला हक्क होता कळायचा. तुम्ही म्हणायचात, "कळून काय करनार? हितं पोरगी रडनार, तितं आई रडनार, आन मधी घाट. दोघी रडत्यात आन कोन कुनाचं डोळं पुसत न्हाई." मी म्हणायची, हे शाळेचं बोलणं झालं, तुमचं नाही. मग तुम्ही पिशवीतून सुपारी काढायचात. ते भांडण कुणीच जिंकलं नाही. मी ते पुढच्या भेटीवर टाकत गेले, जणू भेटी संपणारच नव्हत्या.

एकदा मात्र तुम्ही आपण होऊन सांगितलंत. "पोरी लय हुशार. ओळ काडली की नव्या कागदावर तेवडी जागा मोकळी सोडायच्या. सगळ्या न्हाई, पन सोडायच्या. आईला कळावं म्हनून."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? मोकळ्या जागेवर पेन्सिल चालत न्हाई."

आणि जतकडची ती कॉट नंबर अकरा. तिच्या घरी कानडी, आईला दुसरं काही वाचता येत नव्हतं, म्हणून पोरगी कानडीत लिहायची. तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तुम्ही पत्र हातात घ्यायचात, वरून खाली नजर फिरवायचात आणि मान हलवून पाकीट बंद करायला सांगायचात. शाळेला पत्ता लागू दिला नाहीत. तिची पत्रं सगळ्यांत लांब असायची, तीन तीन पानं. मी विचारलं, गुजराती शिकलात, मग कानडी का नाही? "एकीचं तरी पुरं जाऊ दे म्हटलं," एवढंच बोललात. त्या वेळी मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि छान वाक्य आहे म्हणून खूष झाले. त्यातलं दुःख मला तेव्हा दिसलं नाही.

तिसरी वही तुम्ही सगळ्यात शेवटी दिलीत. तिच्यात प्रकरण नव्हतं, हकिकत नव्हती. चाळीस पानं नुसत्या ओळी. दर रविवारी खुणा करून झाल्यावर, ज्या ओळी तुम्ही काढायला लावल्या त्या तुम्ही ह्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. सुरुवातीला कॉटचा नंबर, पुढे ओळ.

"आई, तुझी ओढणी पाठव. धुऊ नकोस."

"माझा वाढदिवस झाला. कुणाला माहीत नव्हतं म्हणून मी पण सांगितलं नाही."

"पप्पा, गाडी वळली तेव्हा मी हात हलवला. तुम्ही बघितलंत का?"

"मागच्या पत्रात आजीला बरं नाही असं लिहिलं होतं. ह्या पत्रात आजीचं काहीच नाही."

"सुट्टीला किती रविवार राहिले ते मोजून पाठवा. मी मोजते तर रोज वेगळे येतात."

अशी चाळीस पानं. मी ती वाचली. गलबलून आलं, हे नाकारत नाही. आणि मग मी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि माझं काम केलं. एकाच सुरातल्या ओळी. आशय पुन्हा पुन्हा येतो. वाचक थकेल. पाच निवडाव्यात, बाकीच्यांचं सार एका परिच्छेदात सांगावं. समासात हे सगळं नेटक्या अक्षरात लिहिलं आणि पानापानावर उभ्या रेघा मारल्या. एका ओळीपुढे कॉटचा नंबर नव्हता, तर तिथं प्रश्नचिन्ह करून "नंबर राहिला?" असंही लिहिलं. इतकी मी काटेकोर.

तुम्ही आलात, समोरच्या खुर्चीत बसून वही चाळलीत. एकेक पान उलटत गेलात. प्रश्नचिन्हापाशी थांबलात, मला वाटलं आता नंबर सांगाल. सांगितला नाहीत. शेवटी वही मिटून म्हणालात, "तुमी बी पेन्सिलच वापरता व्हय."

मी काय उत्तर दिलं, आठवतं? मी म्हटलं, "हो, खोडता येते ना."

शालनताई, एक शब्द बदलला म्हणून आमचे सर्कल ऑफिसर माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत. एक आजी कवितेचं एक कडवं काढलं म्हणून माझ्या दारात रडल्या आहेत. लेखक भांडतो, कारण ते त्याचं असतं. तुम्ही चाळीस पानांसाठी एका अक्षरानं भांडला नाहीत. कॉटच्या नंबरासाठी तास तास भांडणारी बाई इथं गप्प का बसली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला वाटलं, पटलं असेल. चांगल्या लेखिकेची खूण म्हणून मी तुमचं कौतुकसुद्धा केलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. ते प्रकरण कोऱ्या फुलस्केपवर नव्यानं लिहून आणलं होतं. पाच ओळी, एक परिच्छेद, सांगितल्याबरहुकूम. अक्षर असं की शाळेत नेऊन दाखवावं. सोबत तिसरी वही. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. माज्याकडं आता काय करायचीय?" मी ती कपाटात ठेवली आणि फुलस्केप दिलीपकडे पाठवले.

त्याच दिवशी निघताना मी तुम्हाला विचारलं होतं, की इतक्या पोरी पुस्तकात आहेत आणि तुमची स्वतःची पोर कुठंच कशी नाही? वैशालीला आजीपाशी खाली गावात ठेवून तुम्ही वर दुसऱ्यांच्या मुली सांभाळल्या, हे मला माहीत होतं. पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. लोक आत्मचरित्रात नेमकं दुखरं तेवढं टाळतात, हे मी कायम पाहते. म्हणून जरा टोचूनच विचारलं.

"हाय की ती," तुम्ही म्हणालात. "बगा नीट."

तुम्ही गेल्यावर मी तिन्ही वह्या पुन्हा चाळल्या. वैशालीचं नाव कुठं सापडलं नाही. टाळाटाळ करताय असं ठरवून मी ते सोडून दिलं. त्या दिवशी स्टँडपर्यंत तुम्हाला सोडायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पुस्तक बरं झालं का वं?" मी म्हटलं, "अगदी नेटकं झालंय." तुम्ही म्हणालात, "नेटकं पायजेच." तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली आणि तुम्ही कंडक्टरशी जागेवरून हुज्जत घालत चढलात. खिडकीतून हात केलात. मी केला की नाही, आता काही केल्या आठवत नाही.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी कवितांत होते. दुपारी जेवून कलंडलात आणि उठला नाहीत. मी वाईला पोचेपर्यंत सगळं उरकून नदीच्या घाटावरून लोक परतत होते. तुमच्या घराच्या ओट्यावर बसून राहिले. परड्यातल्या हळदीची पानं पिवळी पडून वाळायला लागली होती, आणि ती आता कोण काढणार हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. तिथं मला रडू आलं नाही. रडू नंतर आलं, सांगलीत, पुस्तकाच्या शेवटच्या प्रुफावर.

शेवटचं प्रूफ मी मूळ हस्तलिखिताशी ताडून बघते, सवय आहे. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे प्रूफ, मधे फूटपट्टी. एकेक ओळ खाली सरकत जायचं. तुमच्या फुलस्केपवर पट्टी ठेवली आणि माझा हात थांबला. तुम्ही पहिली ओळ लिहिली होती, ओढणीची. तिच्याखाली सहा ओळींची जागा मोकळी. मग वाढदिवसाची ओळ. पुन्हा मोकळी जागा. हात हलवल्याची ओळ आणि त्यानंतर अख्खं पान कोरं. पाचव्या ओळीनंतर आणखी एक पान कोरं. आणि त्या प्रत्येक मोकळ्या जागेवर पेन्सिलीची एक वेलांटीसारखी खूण होती. ती खूण आमच्या कामातली, जागा बंद करा असं सांगणारी. ती माझ्या हातची होती.

कागद वाया घालवलाय, म्हातारपणी अंदाज चुकतो, असं मनाशी म्हणत मी त्या खुणा केल्या होत्या. दिलीपला फोनवर सांगितलंही होतं, मधल्या जागा काढून टाक रे, सगळं सलग घे. मोकळ्या जागेवर पेन्सिल चालत नाही म्हणाला होतात. माझी चालली, शालनताई.

तुम्ही मला सांगितलं होतं. तोंडानं सांगितलं नाहीत, त्या पोरी सांगायच्या तसं सांगितलंत. एवढी वर्षं त्यांच्यासमोर बसून तुम्ही जे वाचलंत ते मला पहिल्याच वेळी वाचता आलं नाही, आणि वाचणं हा माझा धंदा.

त्याच सकाळी मी दिलीपला थांबवलं. पण थांबवून करायचं काय, हे मला कळेना. आमच्या कामात एक नियम मी सगळ्यांना सुनावत असते, की लेखकानं शेवटी जे लिहून दिलं तेच खरं. लेखक नसताना त्यात हात घालायचा नाही. तुमच्या हस्ताक्षरातलं शेवटचं लिखाण म्हणजे ती पाच ओळींची फुलस्केप पानं. ती बाजूला सारून चाळीस पानं परत घालायची, तर पुन्हा माझाच शहाणपणा तुमच्यावर चालवल्यासारखं. आणि तसंच छापावं, तर त्या रविवारच्या पत्रांसारखं होईल. सुवाच्य, सुखरूप, स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि खोटं. तुम्हाला विचारायची सोय मी ठेवली नव्हती. म्हणून तिसरी वही पिशवीत घातली आणि साताऱ्याला वैशालीकडे गेले.

वैशाली आता स्वतः शिक्षिका. तुमच्यासारखीच समोरच्याला आधी बसायला लावते. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आईनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय ना? मग राहू दे की. तेराव्याला लोक येणार. मी सगळ्यांना सांगून बसलेय." तिचं चूक नव्हतं. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, फक्त वाच, मग तू म्हणशील तसं.

ती वाचत गेली. मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत बसले. हार ताजा होता. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "हे प्रश्नचिन्ह कुणाचं?"

मी वाकून पाहिलं. "नंबर राहिला?" माझं अक्षर. त्याच्यापुढे तुमची ओळ:

"आई, पुढच्या रविवारी तरी ये. नाही आलीस तरी चालेल असं आजीनं लिहायला सांगितलंय."

"ही माझी आहे," वैशाली म्हणाली. "तिसरीत होते. दूधवाल्याच्या हाती वर पाठवली होती."

तिनं वही खाली ठेवली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. मग आत गेली, चूळ भरून आली आणि पुन्हा वही घेऊन बसली. "रविवारी तिला येताच यायचं नाही," ती म्हणाली. "रविवारी पत्रं असायची. मी तिच्यावर ह्यावरून शेवटपर्यंत चिडलेली होते. तिनं कधी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, ती विसरली."

हाय की ती, बगा नीट. मी नीट बघितलं आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. ती ओळ कुठल्या कॉटवरची नव्हती, म्हणून तिला नंबर नव्हता. तुम्ही ती सगळ्या पोरींच्या ओळींत ठेवलीत, ना पुढे ना मागे, जशी रांगेत उभी केली असावी. कितीतरी वर्षांनी लेकीला उत्तर देत होतात आणि ते नेऊन पोचवायला माझ्या हातात दिलं होतंत. ते पुस्तक बहुधा त्या एका ओळीसाठी लिहिलं होतंत. आणि मी ते फापटपसारा म्हणून काढलं.

निघताना वैशालीनं सांगितलं, "तेराव्याला पुस्तक नको. लोकांना मी सांगेन काय सांगायचं ते. चाळीस पानं घाला. जशीच्या तशी घाला, एकही वगळू नका." मग वही माझ्या हातात देत म्हणाली, "आणि माझ्या ओळीला नंबर देऊ नका."

दिलीप काल ती वही टाइप करायला बसला. मधेच त्याचा फोन आला, "मॅडम, ह्याच्यात मधी मधी जागा किती सोडू?" मी म्हटलं, आता जागा सोडायचं कारण नाही, सगळ्या ओळी आल्यात. त्याला काही कळलं नसणार. पण संध्याकाळी त्यानं आपण होऊन पुन्हा फोन केला आणि त्याची धाकटी लेक शिकायला पुण्याला आहे ते सांगत बसला.

मी तुमच्यावर रागावलेही आहे, शालनताई. हेही सांगून टाकते. भांडायचं होतंत. कंडक्टरशी भांडता, माझ्याशी कृष्णेवरून भांडता, मग ह्या चाळीस पानांसाठी तोंड का उघडलं नाहीत? "बाई, ही पानं ऱ्हाऊ द्या" एवढं म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. असं मी रोज स्वतःला सांगते. आणि रोज वाटतं, कदाचित ऐकलं नसतं. मी तुम्हाला वाचक थकतो हे पुन्हा एकदा समजावून सांगितलं असतं. तुम्हाला ते माहीत होतं. पत्र परत देणाऱ्या माणसाचा चेहरा तुमच्याइतका कुणाला माहीत असणार. तुम्ही तो रोज आरशात बघितला होतात.

तुम्ही दिलेली हळद अजून डब्यात आहे. बाजारातली आणायला मन होत नाही, म्हणून भाजीत चिमूट चिमूट घालते आहे. हाताशी आलेलं नवं हस्तलिखित तसंच पडून आहे. कुणाच्या तरी नातवंडांवरच्या गोष्टी आहेत, बऱ्याच लांबण लावलेल्या. पेन्सिल घेतली, टोक केलं आणि पुन्हा ठेवली. मी लेखकाला फोन केला आणि हे सगळं त्यांना का लिहावंसं वाटलं, असं विचारलं. पोटासाठी मला खोडावं तर लागणारच आहे. पण हे आधी विचारायचं असतं, हे मला ह्या वयात कळलं.

हे लिहिताना एका ठिकाणी मी अडले. तुम्ही पेन्सिलीबद्दल बोललात आणि मी खोडता येते असं म्हटलं, तिथं मला आणखी एक वाक्य लिहायचं होतं. हात रेंगाळला. वाटलं, एवढी जागा मोकळी सोडावी, तुम्ही समजून घ्याल. तुम्हाला मोकळी जागा वाचता येते.

पण मी जागा सोडत नाही. माझं चुकलं, शालनताई. ते मी तुम्हाला त्याच खुर्चीत बसून, तुमच्याकडे बघून सांगायला हवं होतं. माझं चुकलं, आणि मला तुमची फार आठवण येते.

तुमची,
माधवी